दादाच्या कॅसेटवरची ९१-९२ ची टेक्नो गाणी, कुणी ओळखून देतंय का?

विश्रामबागचा पक्या

मंडळी एक मदत पाहिजे. जुन्या टेक्नो, रेव्ह वगैरेतलं, म्हणजे मशीनवर बनवलेल्या धडधडत्या नाचाच्या गाण्यांतलं ज्यांना खरंच कळतंय त्यांनी सांगा, शझाम (ते गाणं ओळखणारं ॲप) मार म्हणू नका, मारून झालंय, ते बिचारं नुसतं गोल गोल फिरतंय आणि शेवटी कसलं तरी तुर्की गाणं दाखवतंय.

तर झालंय असं, माझा मोठा भाऊ ९२ ला इथंच सांगलीत वालचंद कॉलेजला होता, त्याच्या रूममधल्या एका मुंबईच्या पोराचा मामा बोटीवर कामाला. मामा रॉटरडॅम, लंडन, कुठनं कुठनं कॅसेटी आणायचा आणि मग त्या होस्टेलच्या अख्ख्या विंगमध्ये डबल डेकवर फिरायच्या, कॉपी, कॉपीची कॉपी, तिची परत कॉपी. त्यातली एक टीडीके डी-९० आमच्या घरी आली ती कायमचीच. आतल्या कागदावर बॉलपेननं "नॉनस्टॉप ४, कुणी हात लावू नये" एवढंच. गाण्याचं नाव नाही, वाजवणाऱ्याचं नाव नाही. पण आमच्या कॉलनीला ही कॅसेट तोंडपाठ होती. गणपतीत संध्याकाळची आरती झाली की मंडळाच्या कर्ण्यावर दादालोक हीच लावायचे आणि आम्ही बारकी पोरं त्यावर लेझीम खेळायचो. हसू नका, टेक्नोवर लेझीम एकदम बसते, ठोका सरळ असतोय ना.

आता दादा पुण्याला शिफ्ट झाला आणि जाताना सगळा पसारा माझ्या गळ्यात मारून गेला. मी डेक शोधून कॅसेट लावली, फोनवर रेकॉर्ड केली, खाली तीन क्लिपा टाकल्यात. ज्यांना क्लिप उघडत नाही त्यांच्यासाठी लिहूनच सांगतो.

१. सुरुवातीलाच एक मांजर गुरगुरल्यासारखं काहीतरी बरळतंय आणि एक इंग्रज पोरगं त्याचा अर्थ सांगतंय. मग धडाधड ड्रम.
२. नुसता पियानो, वेड लागल्यासारखा, त्यावर व्हायोलिनचे तुटक तुटक झटके. गाणारं कुणी नाही. मला याचंच नाव सगळ्यात जास्त पाहिजे.
३. याला आम्ही 'भुंगा' म्हणायचो. एक आवाज खालनं वर घसरत घोंगावत येतो, परत खाली जातो, आणि मधे एक माणूस दम दिल्यासारखा बोलतो.

खणभाग साऊंड

भावा तीन नंबर वाचूनच हसू फुटलं. भुंगा मेला न्हाई आजून. आमचा डॉल्बीचा धंदा हाय, मिरवणुकीत कॉम्पिटिशनचे जे ट्रॅक वाजत्यात त्यात बेस पडायच्या आधी जो हॉर्न येतोय ना, त्यो ह्याच जातीचा आवाज. पोरांना वाटतंय इचलकरंजीच्या नाहीतर पुण्याच्या कुठल्या डीजेनं बनवलाय. पेनड्राईव्हवरनं पेनड्राईव्हवर आलेला माल, कुणाला काय पत्त्या हाय.

दोन नंबर मी सकाळी गोडाऊनमधी लावून बगितलं. गाणं भारी हाय पण खाली कायच न्हाई राव, अठरा इंची बेस नुसते गप बसून होते, मला वाटलं वायरच निसटली. कॅसेट झिजलीय का गाणंच तसं हाय?

यवतेश्वर घाट

एक नंबर डोळे झाकून सांगते, द प्रॉडिजीचं 'चार्ली', १९९१. ते मांजर म्हणजे सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये सरकारनं लहान पोरांसाठी टीव्हीवर दाखवलेल्या सूचनापटांतलं आहे, घराबाहेर जाताना आईला सांगून जा टाईप. मांजर बोलतं आणि पोरगं भाषांतर करतं. लियाम हाऊलेटनं, एसेक्समधल्या ब्रेनट्रीचा पोरगा, ते उचललं आणि खाली ब्रेकबीट, म्हणजे तुटक उड्या मारणारा ड्रमचा ठेका घातला, गाणं थेट इंग्लंडच्या चार्टात तिसऱ्या नंबरला गेलं. मग काय, त्याच्यामागे लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांचे आवाज वापरून रेव्ह गाणी काढायची लाटच आली आणि मिक्समॅग मासिकानं तर कव्हरवरच विचारलं की रेव्ह चार्लीनं मारला का म्हणून. माझं विचाराल तर मारला-बिरला काही नाही, पहिला अल्बम 'एक्स्पिरियन्स' (१९९२) आजही त्यांच्या सगळ्यात वरचा आहे, पुढचे सगळे त्याच्यानंतर.

आमच्याकडे साताऱ्यात सदर बझारला केबल आली तेव्हा स्टार टीव्हीवर एमटीव्ही लागायचं. आईला त्यातले कपडे बघून राग यायचा म्हणून आम्ही दोघी बहिणी आवाज एकदम बारीक करून टीव्हीच्या जाळीला कान लावून बसायचो. त्यांच्या 'आउट ऑफ स्पेस'च्या व्हिडिओत शहामृगं पळतात, ते बघून बहीण म्हणाली हे लोक बरे नाहीत. तेव्हा प्रॉडिजीतला तो कीथ फ्लिंट नुसता नाचायचा हो, गायला लागला तो १९९६ ला. २०१९ मध्ये गेला तेव्हा बहिणीचा पहिला मेसेज मलाच आला.

डेट्रॉईट तासगाव

पक्या, दोन नंबरसाठी उभा राहून नमस्कार घे. ते 'स्ट्रिंग्ज ऑफ लाईफ'. १९८७. डेरिक मे, पण लेबलवर नाव 'रिदिम इज रिदिम', त्याच्या स्वतःच्या ट्रान्समॅट लेबलवर. पियानोचा तुकडा त्याचा मित्र मायकल जेम्सचा, मे नं तो तोडला, लूप केला, त्यावर स्ट्रिंग्जचे झटके टाकले. आणि खणभागवाले, तुमची वायर शाबूत आहे, त्या गाण्याला बासलाईनच नाही! खाली नुसता किक ड्रम. जगातलं सगळ्यात गाजलेलं टेक्नो गाणं आणि त्यात बास नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बागेत औषध मारत होतो, कानात हेडफोन, ट्रॅक्टर बंद केला आणि परत पहिल्यापासून ऐकलं.

आता जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्याकडं काहीही धडधडलं की त्याला टेक्नो म्हणायची सवय आहे. टेक्नो हे डेट्रॉईटचं. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन, तिघंही बेलव्हिल नावाच्या गावातल्या शाळेत, गोऱ्यांच्या वस्तीतली काळी पोरं. गाड्यांचे कारखाने ओस पडत चाललेलं शहर, रात्री रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा माणूस क्राफ्टवर्क हा जर्मन इलेक्ट्रॉनिक बँड पण लावणार आणि अमेरिकेचा गायक प्रिन्स पण लावणार, त्यातनं हे आलं. ॲटकिन्सचं 'नो यूएफओज' १९८५ चं. १९८८ ला इंग्लंडमध्ये डेट्रॉईटवाल्यांचं एक कलेक्शन निघालं, त्याच्या नावातच टेक्नो होतं, तिथनं जगाला हा शब्द माहीत झाला. प्रॉडिजी ही इंग्लंडची रेव्ह, ब्रेकबीट हार्डकोर, वेगळं घराणं. आणि आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला जे 'नो लिमिट' आणि 'मिस्टर व्हेन' वाजायचं ते युरोडान्स, त्याचा इथं विषयच काढू नये.

तीन नंबर मला 'मेंटॅझम' वाटतंय, सेकंड फेज, १९९१, जोई बेल्ट्रमचं.

यवतेश्वर घाट

विषय काढू नये कसा? तासगावकर तुम्ही बागेत हेडफोन लावून एकटे ऐकलंत, आम्हाला ऐकायला मिळालं ते गॅदरिंगलाच. 'नो लिमिट' १९९३ चं, त्याच वर्षी आमच्या कॉलेजात पहिल्यांदा पोरी स्टेजवर लावणी सोडून दुसऱ्या कशावर तरी नाचल्या, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सरांचे चेहरे आठवले की अजून हसू येतं. 'रिदम इज अ डान्सर' लागलं की पाठीमागची पोरं खुर्च्यांवर उभी. फ्रँकफर्टमध्ये कुणीतरी धंद्यासाठी बनवलेलं असेल, असू दे की. आमच्यापर्यंत डेट्रॉईट आलंच नाही थेट, ते बेल्जियम-जर्मनीवरनं वळसा घालून आलं. 'पंप अप द जॅम' (१९८९) बेल्जियमचंच, आणि त्या व्हिडिओत जी बाई ओठ हलवते ती गायलेली नाहीच, आवाज 'या किड के' नावाच्या मुलीचा.

घराणी हवीत ती ठेवा, पण पाय हलले ते खोटे होते का?

डेट्रॉईट तासगाव

पाय बेंजोवरपण हलतात ताई 😄 बरं, सोडून दिलं.

जवारी मिरज

तुमचं घराण्यांचं भांडण वाचून मजा वाटली. आमच्याकडे तंतुवाद्याचं काम चालतं, वडील, चुलते सगळे त्यातच, त्यामुळे मी या गाण्यांकडे जरा वेगळ्या वाटेनं आलो.

तुम्ही सगळे डेट्रॉईट, इंग्लंड, बेल्जियम करताय, पण मुंबई कुणीच घेतली नाही. चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे, त्यांनी १९८२ मध्ये एक रेकॉर्ड केली, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. एचएमव्हीनं काढली आणि ती कुणी विकत घेतली नाही. त्यात ललित, भूप, तोडी, मेघमल्हार, मालकंस असे दहा राग आणि यंत्रं तीन, रोलंडचं ज्युपिटर-८, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३. हे ३०३ म्हणजे छोटी चंदेरी डबी, एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून रोलंडनं काढलेली. बासगिटारसारखी ती अजिबात वाजेना, १९८४ ला बंदच केली. मग ती सेकंडहँडमध्ये मातीमोल भावात मिळायला लागली आणि शिकागोच्या पोरांच्या हातात पडली. फ्यूचर या तिघांच्या ग्रुपनं तिचे खुंटे वाजता वाजता पिळले आणि 'ॲसिड ट्रॅक्स' झालं, १९८७, ॲसिड हाऊस म्हणतात ते हेच संगीत. त्यांच्यातला डीजे पिअर सांगतो की रॉन हार्डी या डीजेनं म्युझिक बॉक्स क्लबमध्ये ते एका रात्रीत चार वेळा लावलं. पहिल्यांदा लोक फ्लोअर सोडून गेले, चौथ्यांदा वेडे झाले.

म्हणजे मुंबईतला माणूस त्याच यंत्रावर पाच वर्षं आधी. आता यावरनं "ॲसिड हाऊसचा शोध भारतानं लावला" असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात, ते मला पटत नाही. शिकागोवाल्यांनी ती रेकॉर्ड ऐकलेली नव्हती, २०१० ला परदेशात परत निघाली तेव्हा जगाला कळली. सिंगसाहेबांना ॲसिड करायचंच नव्हतं, त्यांना राग वाजवायचे होते. मला त्यात रस आहे तो यंत्राचा. ३०३ मध्ये प्रत्येक सुराला 'स्लाईड' लावता येते, एका सुरावरनं दुसऱ्यावर न तोडता घसरत जायचं. म्हणजे मींडच की. ॲक्सेंट लावला की तो सूर जोरात आणि अणकुचीदार येतो. रागदारीवाल्या माणसाच्या हातात असली डबी आल्यावर तो दुसरं काय करणार?

आणि खुंटा पिळल्यावर जो चिरका, ओलसर आवाज उघडत जातो तो मला परका कधी वाटलाच नाही. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. केसभर पुढं, आवाज बंद, मुका. केसभर मागं, आणि एकदम तारेतनं वरचे सगळे सूर भुणभुणत बाहेर पडतात. मी लहानपणी चुलत्यांच्या मांडीशी बसून तासन् तास हेच ऐकलंय. ३०३ चा फिल्टर तेच करतो, आतले सूर तेच असतात, फक्त कुठला पुढं आणायचा ते खुंटा ठरवतो. उरुसाच्या वेळी दर्ग्यातल्या संगीत सभेला रात्रभर बसणारा माझा एक म्हातारा गिऱ्हाईक आहे, त्याला मी फोनवर 'ॲसिड ट्रॅक्स' ऐकवलं. म्हणाला, जवारी चांगली आहे, गवई कधी येणार?

खणभाग साऊंड

गवई कधी येणार 😂😂 मिरजकर काका एक नंबर.

विश्रामबागचा पक्या

आयला, दोन तासांत एवढं. सगळ्यांना दंडवत. यूट्यूबवर 'चार्ली' आणि 'स्ट्रिंग्ज ऑफ लाईफ' दोन्ही ऐकली, अंगावर काटा आला, पण एक गंमत झालीय. दोन्ही गाणी मला स्लो वाटतायत! आणि आवाज पण खाली उतरल्यासारखा. आमच्या कॅसेटवरचा पियानो जास्त तिखट आहे. मला ओरिजिनलच मिळमिळीत वाटायला लागलं, हे काय पाप?

आणि तासगावकर, 'मेंटॅझम' लावून बघितलं. भुंगा तोच आहे, शंभर टक्के, पण त्यात बोलणारा माणूसच नाही.

कुपवाड रिपेअर

टेप, डेक, ॲम्प दुरुस्त करत आलोय म्हणून मधे पडतो. ओरिजिनल स्लो नाही, तुझी कॅसेट फास्ट आहे. होस्टेलच्या ज्या डेकवर कॉपी झाली त्याचा पट्टा सैल नाहीतर मोटर मंद. मंद डेकवर रेकॉर्ड केलेली कॅसेट बरोबर स्पीडच्या डेकवर लावली की गाणं पळतं आणि सूर चढतो. शझाम त्यामुळंच गंडलंय.

दुरुस्त करायला अंदाज लावत बसू नकोस. कॅसेटवर दोन गाण्यांच्या मधली शांत जागा शोध, ती कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घे आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख काढ, त्यातली साईज मोठी ठेव. आपल्या लाईटची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, तिची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरतेच. तुला बहुतेक दोन टोकं दिसतील. एक बरोबर ५० ला, ती तुझ्या आत्ताच्या डेकची. दुसरी जरा पुढं, ती होस्टेलच्या डेकची, १९९२ ची एमएसईबीची लाईट समज. समजा ती ५३ ला दिसली तर कॅसेट सहा टक्के पळतीय, म्हणजे साधारण एक अर्धा सूर वर. तेवढा स्पीड कमी कर, टेम्पो नाही, स्पीड, म्हणजे सूर पण खाली येईल.

आणि फोननं स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करू नको रे बाबा. डेकच्या लाईन आउटमधनं वायर काढ. त्याआधी कानकोरणीला स्पिरिट लावून हेड पूस, पिंच रोलर, म्हणजे टेप ओढणारं रबरी चाक, त्यावरचा तपकिरी थर काढ, आणि कॅसेटमधला तो बारका स्पंज शाबूत आहे का बघ, सुटला असेल तर एका बाजूचा आवाज जातो.

डेट्रॉईट तासगाव

माणूस बोलत असेल आणि भुंगा असेल तर मग 'डॉमिनेटर', ह्यूमन रिसोर्स, तेही १९९१. आणि ते रॉटरडॅमचेच! मामाची बोट बरोबर तिथं लागली होती. भुंग्याचा आवाज रोलंडच्या अल्फा जुनो नावाच्या कीबोर्डमधला, कंपनीनं आतच भरून दिलेल्या आवाजांपैकी एक, एरिक पर्सिंगनं बनवलेला. बेल्ट्रमनं तो 'मेंटॅझम'मध्ये पुढं आणला आणि मग बेल्जियम हॉलंडमध्ये सगळ्यांनीच उचलला. 'डॉमिनेटर'चं बेल्ट्रमनं केलेलं रिमिक्स पण आहे, त्यामुळं तुझ्याकडं कुठलं आहे ते स्पीड नीट केल्याशिवाय सांगता येणार नाही.

यवतेश्वर घाट

कॅसेटवरनं आठवलं, ऑर्बिटलचं 'चाइम' दोघा भावांनी घरी जिन्याखालच्या खोपटात केलं आणि बापाच्या कॅसेट डेकवर रेकॉर्ड केलं. नंतर टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स'ला गेले ते सरकारच्या पोल टॅक्सविरोधातले टीशर्ट घालून. बँडचं नावच लंडनभोवतीच्या एम२५ रिंगरोडवरनं, कारण पोरं रात्री त्या रस्त्यानं रेव्ह पार्ट्या शोधत फिरायची. पक्या, दुसऱ्या बाजूला ते आहे का बघा, टणटण घंटांसारखं वाजतं.

खणभाग साऊंड

ताई तिकडं पण पोलीस बंद करायचे का? आमच्याकडं दहा वाजले की साहेब येऊन उभा, मिक्सरच उचलून नेत्यात.

यवतेश्वर घाट

तिकडं तर कायदाच केला. मे १९९२ ला कॅसलमॉर्टन म्हणून गायरान आहे तिथं वीस हजारांच्या वर पोरं जमली, आठवडाभर साऊंड सिस्टीम चालू. गावकरी वैतागले, पेपरवाले तुटून पडले आणि १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टमध्ये रात्री उघड्यावर शंभर माणसं आणि "एकापाठोपाठ एक येणारे ठोके" असलेलं संगीत असेल तर पोलिसांना हटवायचा अधिकार दिला. ठोक्यांची व्याख्या कायद्याच्या पुस्तकात! पण खरं सांगू का, माझं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर आहे आणि घरात सासूबाई हार्टपेशंट, त्यामुळे तुमच्या साहेबाच्या बाजूनंच माझं मत पडेल. ते लोक निदान गायरानात गेले होते.

खणभाग साऊंड

मान्य हाय ताई. आमचं पण घर रस्त्यावरच हाय.

विश्रामबागचा पक्या

कुपवाडवाले, पाय कुठं आहेत तुमचे! दोन टोकं दिसली राव, एक ५० ला, एक ५२ च्या जरा पुढं. स्पीड खाली आणला, शझामनं 'डॉमिनेटर' पटकन दिलं. कुठलं व्हर्जन ते बघतोय अजून, दोन्ही शेजारी शेजारी लावून. दादाला फोन केला तर म्हणतोय स्पीड नीट केलेलं मला पाठवू नको, मला तेच पळणारं पाहिजे.

बी साईडला शेवटी घंटांसारखं काहीतरी आहे ताई, पण तिथं टेप चुरगळलीय, आवाज येतो जातो.

कुपवाड रिपेअर

चुरगळलेल्या जागी डेकवर परत परत चालवू नको, आत गुंडाळून बसेल. कॅसेट शनिवारी दुकानात घेऊन ये, स्क्रूवाली बॉडी असेल तर खोलून दुसऱ्या शेलमध्ये टाकू.

खणभाग साऊंड

आणि भुंग्याची फाईल मला वेव्हमधी पाठव पक्या, एमपीथ्री नको. गोडाऊनमधी टॉप बंद करून नुसत्या मिडवर लावून बगतो.